मॉनिटर-आर्म निवडण्याआधी टेबलाखाली वाका

दोन मॉनिटर एकाच आधारावर पेलणारे माउंट घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी आर्मचे फोटो आणि त्यांचे दर पाहू लागतात, आणि टेबलाकडे त्यांचे लक्ष जाते ते पार्सल घरी येऊन उघडल्यावर. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. आर्म कितीही भक्कम असला तरी त्याचा सगळा भार टेबलाच्या मागच्या कडेवरच्या तळहाताएवढ्या जागेवर येतो, आणि ती जागा कशाची बनली आहे, किती जाड आहे, तिच्याखाली काय आहे हे कळल्याशिवाय कोणता आर्म घ्यावा हे ठरवताच येत नाही. म्हणून खरेदीच्या आदल्या दिवशी मेजरिंग टेप आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन टेबलाखाली वाकावे.

वाकल्यावर सर्वप्रथम फळीची जाडी मोजावी. सुताराकडून करून घेतलेल्या टेबलाला बहुधा सहा सुती, म्हणजे साधारण १९ मिमी जाडीचा प्लाय आणि त्यावर सनमायका असतो. तयार मिळणाऱ्या टेबलांची फळी १८ किंवा २५ मिमीची असते. क्लॅम्पच्या, म्हणजे आर्मला टेबलाच्या कडेला पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याच्या दृष्टीने या सर्व जाड्या चालतात. अडचण येते ती जाडी फसवी असते तेव्हा. पुष्कळ टेबलांची कड बाहेरून दीड-दोन इंच जाड दिसते, पण ती खालून चिकटवलेली पट्टी असते आणि तिच्या आत फळी पुन्हा पातळ होते. क्लॅम्पचा खालचा जबडा अर्धा पट्टीवर आणि अर्धा हवेत राहिला, तर ती पकड पकड म्हणायच्या लायकीची राहत नाही. अशा ठिकाणी पट्टी आणि फळी यांच्यातला फरक मोजून तेवढ्याच जाडीचा प्लायचा तुकडा आत भरून घ्यावा, म्हणजे जबड्याला सलग सपाट पृष्ठभाग मिळतो.

दुसरे माप कडेपासून आत किती जागा मोकळी आहे याचे. क्लॅम्पला खालच्या बाजूने साधारण ६ ते १० सेंमी मोकळी जागा लागते आणि नेमक्या तिथेच लोखंडी फ्रेमचा आडवा पाइप, खणाची मागची भिंत किंवा पाय झाकणारी उभी फळी असते. उंची कमी-जास्त होणाऱ्या टेबलांत मागच्या कडेजवळून जाणारा लोखंडी आडवा दांडा तर हमखास आडवा येतो. हे माप वहीत लिहून ठेवावे, कारण आर्मच्या माहितीपत्रकात क्लॅम्पची जाडीची मर्यादा ठळक दिलेली असते, पण त्याला आत किती खोल जागा लागते हे बहुधा आकृतीत बारीक अक्षरांत दडलेले असते.

आता फळी कशाची आहे याचा विचार करू, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. प्रत्येकी साडेचार किलोचे दोन मॉनिटर क्लॅम्पवर उभ्या राहणाऱ्या खांबापासून ५० सेंमी पुढे ओढले, तर आर्मचे वजन न धरताही ९ किलो गुणिले ५० सेंमी, म्हणजे ४५० किलो-सेंमी इतका पिळा तयार होतो. क्लॅम्पची वरची बैठक आणि खालचा जबडा यांच्यामध्ये पेलण्यासाठी १० सेंमीचे अंतर धरले, तरी तरफेच्या हिशेबाने तिथे ४५ किलोच्या आसपास दाब येतो आणि क्लॅम्प आखूड असेल तर याहूनही अधिक. प्लाय हा दाब सहज सोसतो, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची दाबून केलेली फळीही ठीक सोसते. पार्टिकल बोर्ड म्हणजे मात्र लाकडाचा चुरा सरसात दाबून केलेली फळी. ती सरळ खाली येणारे वजन चांगले पेलते, पण एकाच बिंदूवर सतत रेटा आला की आतून चुरगळत जाते आणि वरचा गुळगुळीत लॅमिनेट हे लपवून ठेवतो.

माझ्या पहिल्या माउंटच्या वेळी मी हे दुर्लक्षिले होते. सात-आठ महिन्यांनी, भर पावसाळ्यात, डावा मॉनिटर किंचित पुढे झुकल्यासारखा दिसू लागला. मी आर्मचे सगळे स्क्रू आवळून पाहिले, पण फरक पडला नाही. शेवटी क्लॅम्प सोडवला तेव्हा टेबलाच्या खालच्या अंगाला दहा रुपयांच्या नाण्याएवढा खड्डा पडलेला होता आणि बोट फिरवताच त्यातून ओलसर भुसा खाली पडला. कडेची पट्टी सुटल्यामुळे तिथून दमट हवा आत जात होती, फळी फुगत होती आणि क्लॅम्प तिला रोज थोडी थोडी चिरडत होता. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी पार्टिकल बोर्डच्या उघड्या कडा आधी बंद कराव्यात हे मी त्या दिवसापासून प्रत्येकाला सांगतो.

त्यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. क्लॅम्पच्या वर आणि खाली लोखंडी पत्र्याच्या प्लेट घालाव्यात. त्या तयारही मिळतात किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून ३ मिमी जाड पत्र्याचे दोन तुकडे कापून घेता येतात. प्लेट मिळाली नाही, तर खालून २० सेंमी बाय १५ सेंमीचा १२ मिमी प्लायचा तुकडा लावला तरी काम होते. दाब नाण्याएवढ्या जागेऐवजी पुस्तकाच्या पानाएवढ्या जागेत विभागला गेला की फळी टिकते.

काचेच्या टेबलावर मात्र क्लॅम्प लावूच नये, काच टफन्ड असली तरीही. काठावरचा एकवटलेला ताण तिला मानवत नाही आणि ती फुटते तेव्हा पूर्वसूचना देत नाही. कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा ओटा टेबल म्हणून वापरणारेही काही जण असतात. दगडालाही काठावरचा पिळा नकोसाच असतो, तेव्हा तिथे भिंतीवरचे माउंट किंवा जमिनीवर उभे राहणारे स्टँड पाहावे. आतून पोकळ, मधाच्या पोळ्यासारख्या पुठ्ठ्याने भरलेल्या हलक्या फळ्याही याच यादीत येतात. बोटाने टकटक केल्यावर ढोलासारखा आवाज आला तर ती फळी पोकळ समजावी.

टेबल समजले की मग मॉनिटरकडे वळावे. मॉनिटरच्या पाठीवर चौकोनात चार छिद्रे असतात आणि त्यांच्यातले अंतर ‘व्हेसा’ या नावाने ओळखले जाते. १९८९ साली स्थापन झालेल्या त्याच नावाच्या संस्थेने हे प्रमाण ठरवले आहे. घरगुती आणि ऑफिसच्या मॉनिटरमध्ये ७५ बाय ७५ मिमी किंवा १०० बाय १०० मिमी हीच मापे बहुतेकदा आढळतात, आणि जवळपास सर्व आर्मच्या प्लेटवर दोन्हींची छिद्रे दिलेली असतात. मापापेक्षा छिद्रे आहेत की नाहीत हे पाहणे महत्त्वाचे, कारण स्वस्त आणि अतिपातळ मॉनिटरमध्ये कधीकधी ती दिलेलीच नसतात, तर काही मॉनिटरमध्ये ती मूळ स्टँडच्या मागे झाकलेली असतात आणि स्टँडचे बटण दाबून तो काढल्यावरच दिसतात. वक्र मॉनिटरची छिद्रे पुष्कळदा खोलगट खाचेत असतात. तिथे आर्मची सपाट प्लेट टेकत नाही आणि मध्ये स्पेसर (अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या) घालून लांब स्क्रू वापरावे लागतात.

वजन पाहताना माहितीपत्रकातला ‘स्टँडशिवाय’ हा आकडा घ्यावा. २४ इंची मॉनिटर स्टँड काढल्यावर साधारण ३ ते साडेतीन किलोचा, २७ इंची ४ ते ५ किलोचा आणि ३४ इंची रुंद मॉनिटर ६ ते ८ किलोचा भरतो. माहितीपत्रक हाताशी नसेल तर वजनकाट्यावर आधी आपण एकटे आणि मग मॉनिटर कवेत घेऊन उभे राहावे, आणि दोन्ही आकड्यांची वजाबाकी करावी. इथे एक बारकावा आहे. गॅस स्प्रिंगच्या, म्हणजे दाबलेल्या वायूच्या जोरावर मॉनिटर तोलून धरणाऱ्या आर्मला वजनाची वरची मर्यादा असते तशी खालचीही असते. २ ते ९ किलोचा आर्म २४ इंचीसाठी ठीक, पण ५ किलोपासून पुढे पेलणारा दणकट आर्म ‘असू दे भक्कम’ म्हणून घेतला, तर हलका मॉनिटर सतत छताकडे जात राहतो आणि स्प्रिंग कितीही सैल केली तरी खाली बसत नाही. मर्यादेच्या मधोमध आपले वजन येईल असा आर्म घ्यावा.

कंपन्या ‘३२ इंचापर्यंत’ असे जे लिहितात त्याचा संबंध वजनाशी नसून रुंदीशी असतो. २७ इंची मॉनिटर सुमारे ६१ सेंमी रुंद असतो, म्हणजे शेजारी-शेजारी दोन ठेवले तर १२२ सेंमी होतात. चार फुटी टेबल नेमके तेवढेच असते. खांब मधोमध असेल, तर प्रत्येक मॉनिटरचे केंद्र खांबापासून ३० सेंमीच्या थोडे पलीकडे जायला हवे आणि आर्म तेवढा बाजूला पसरला पाहिजे. ३२ इंची दोन मॉनिटर जवळपास १४३ सेंमी जागा घेतात. त्यांच्यासाठी एका खांबाचा दुहेरी आर्म घेण्याऐवजी दोन स्वतंत्र आर्म दोन ठिकाणी लावावेत, असे मला वाटते. टेबलावरचा भारही त्यामुळे विभागतो.

आर्मचे मुख्य प्रकार दोनच. उभ्या खांबावर कॉलर आवळून बसवायचा साधा आर्म स्वस्त असतो, बिघडण्यासारखे त्यात काही नसते, आणि एकदा लावलेली उंची पुन्हा बदलायची नसेल तर तो सर्वांत उत्तम. गॅस किंवा यांत्रिक स्प्रिंगचा आर्म एका बोटाने वरखाली होतो. घरात एकच टेबल आई, मुलगा आणि आजोबा आळीपाळीने वापरत असतील, किंवा उभे राहून काम करायची सवय असेल, तर त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात. एरवी तो विकत घेऊन आयुष्यभर एकाच जागी ठेवणारेच मी अधिक पाहिले आहेत. घरी एकच मॉनिटर आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल, तर एका आर्मला मॉनिटरऐवजी लॅपटॉपचा ट्रे असलेले माउंट घ्यावे. मात्र मग कीबोर्ड वेगळा लागेल. आणि दोन मॉनिटरवर खर्च करण्याआधी आपला संगणक दोन मॉनिटर चालवतो का हेही पाहावे. एम१ आणि एम२ चिपचा मॅकबुक एअर, उदाहरणार्थ, अधिकृतपणे एकच बाहेरचा डिस्प्ले चालवतो.

खरेदीपूर्वीची शेवटची तपासणी भिंतीची. आपल्याकडे टेबल बहुधा भिंतीला चिकटवलेले असते आणि मॉनिटर मागे ढकलला की आर्मचे कोपर टेबलाच्या मागे बाहेर येते. ते भिंतीवर आपटले, तर मॉनिटर हवा तेवढा मागे जात नाही आणि डोळ्यांच्या अगदी जवळ येऊन बसतो. हे आधीच कळावे म्हणून मी एक पोरखेळ करतो. माहितीपत्रकातल्या लांबीप्रमाणे पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापतो, सांध्यावर टाचणी टोचतो आणि जिथे खांब येणार त्या जागी एक टोक धरून दुसरे टोक हवे तिथे नेऊन पाहतो. कोपर भिंतीत घुसते की नाही हे दोन मिनिटांत समजते. घुसत असेल, तर टेबल १० ते १५ सेंमी पुढे घ्यावे लागेल हे गृहीत धरावे. छोट्या खोलीत हे १५ सेंमी खुर्चीच्या मागच्या कपाटाचे दार अडवू शकतात.

बसवण्याचे काम दोघांनी करावे. एकट्याने ते होते, पण मॉनिटर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने स्क्रू शोधण्याची वेळ येते तेव्हाच अपघात होतो. साहित्य फारसे लागत नाही: पेटीतल्या एलन की, एक चांगला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, पाणसळ आणि मॉनिटर पालथा ठेवायला गोधडी. पेटी उघडल्यावर स्क्रू वाट्यांत वेगळे करून ठेवावेत, कारण दिसायला सारखे असणारे तीन-चार लांबीचे स्क्रू एकाच पिशवीत कोंबलेले असतात.

आधी क्लॅम्प बसवावा. त्याची जागा कागदी चिकटपट्टीने आखून घ्यावी, प्लेट ठेवाव्यात, वरची बैठक मागच्या कडेला घट्ट टेकवावी आणि खालचा बोल्ट हाताने फिरेल तेवढा फिरवून मग किल्लीने आवळावा. आवळताना प्रत्येक फेरीनंतर खांब हलवून पाहावा. खांब हलायचा थांबला की आणखी पाव फेरी पुरे. त्यापुढे जोर लावल्याने पकड वाढत नाही, फळी मात्र दबते. मागच्या कडेला जागाच नसेल, तर ग्रोमेटची पद्धत वापरावी: फळीला आरपार छिद्र पाडून त्यातून बोल्ट खाली न्यायचा आणि खालून मोठ्या वॉशरवर नट आवळायचा. टेबलात केबलसाठी पाडलेले छिद्र असेल, तर त्याचा व्यास आर्मच्या बैठकीखाली झाकला जातो का ते पाहावे. नवे छिद्र पाडायचे असल्यास सनमायकाच्या बाजूला चिकटपट्टी लावून, वरून हळू गतीने ड्रिल चालवावे आणि फळीखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा धरावा, म्हणजे खालची बाजू उचकटत नाही. भाड्याच्या घरातले टेबल घरमालकाचे असेल, तर या वाटेला जाऊ नये हे सांगायला नकोच.

त्यानंतर आर्म चढवावेत, पण गॅस स्प्रिंगच्या आर्मला बांधलेली पट्टी इतक्यात कापू नये. मॉनिटरचे वजन नसलेला आर्म मोकळा सुटला की जोरात वर उसळतो, आणि त्याचे टोक हनुवटीवर बसल्याचे मी पाहिले आहे. याच कारणाने पुढे कधी मॉनिटर काढायचा झाल्यास आर्म आधी सर्वांत वर न्यावा आणि मगच स्क्रूंना हात लावावा.

मॉनिटर टेबलावर गोधडीच्या दोन घड्यांवर पालथा ठेवावा, पाठीवर जोर न देता मूळ स्टँड काढावा आणि व्हेसा प्लेट चार स्क्रूंनी बसवावी. हे स्क्रू बहुतेक मॉनिटरना एम४, म्हणजे ४ मिमी जाडीचे आणि साधारण १० मिमी लांबीचे लागतात. प्रत्येक स्क्रू आधी हाताने घालावा. एम४ च्या आट्यांमधले अंतर ०.७ मिमी असते, म्हणजे पाच फेऱ्यांत स्क्रू साडेतीन मिमी आत जातो. निदान तेवढे तरी तो सहज फिरायला हवा. सुरुवातीलाच अडला तर तो तिरका गेला आहे, आणि प्लेट सैल असतानाच तळाला टेकून थांबला तर तो लांब आहे. लांब स्क्रू जोर लावून आत रेटला, तर आतल्या भागांना धक्का लागू शकतो. चारही स्क्रू अर्धे बसल्यावर कर्णाकर्णाने आवळावेत, मोटारीच्या चाकाचे नट आवळतात तसे.

आता एकाने मॉनिटर धरावा आणि दुसऱ्याने प्लेट आर्मच्या डोक्यावर सरकवून लॉकचा स्क्रू लावावा. हा छोटा स्क्रू विसरणारे पुष्कळ आहेत, आणि तो नसला तर मॉनिटर वर उचलताना प्लेटसह निसटू शकतो. दोन्ही मॉनिटर चढल्यावर मगच आर्मची पट्टी कापावी आणि स्प्रिंगचा ताण जुळवावा. आर्म आडवा धरून त्याच्या सांध्यातल्या छिद्रात एलन की घालावी. मॉनिटर आपोआप खाली येत असेल तर अधिकच्या खुणेकडे आणि वर जात असेल तर उण्याच्या खुणेकडे फिरवावे. दोन-तीन फेऱ्यांत फरक दिसला नाही म्हणून आर्म खराब आहे असे समजू नये, पुष्कळ आर्मना पंधरा-वीस फेऱ्याही लागतात. हात काढून घेतल्यावर मॉनिटर वर, मध्ये आणि खाली, तिन्ही ठिकाणी जागच्या जागी थांबला की ताण जुळला. मॉनिटरचे तोंड खाली झुकत असेल, तर तो दोष स्प्रिंगचा नसतो. त्यासाठी डोक्यामागे वेगळा स्क्रू असतो.

उंचीसाठी सर्वसाधारण नियम असा, की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी आणि अंतर हात लांब केल्यावर बोटे टेकतील इतके, म्हणजे ५० ते ७५ सेंमी असावे. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा वापरणाऱ्यांनी मॉनिटर आणखी खाली घ्यावा, नाहीतर खालच्या काचेतून वाचण्यासाठी दिवसभर हनुवटी वर करून बसावे लागते आणि मान धरते. एका मॉनिटरवर काम जास्त होत असेल, तर तो थेट नाकासमोर ठेवावा आणि दुसरा बाजूला आतल्या कोनात वळवावा. दोन्हींवर सारखे काम असेल तरच मधला जोड नाकासमोर आणावा. उभा फिरवलेला मॉनिटर लांबलचक कोड किंवा मजकूर वाचायला सोयीचा असतो, पण २७ इंची मॉनिटर उभा केला की तो ६१ सेंमी उंच होतो आणि वरची कड डोळ्यांच्या बरीच वर जाते. उभ्यासाठी २४ इंचीच बरा. तो ५३-५४ सेंमीचा असतो, आणि त्याचे केंद्र टेबलापासून किमान २७ सेंमी वर येईल एवढा खांब हवा. दोन्ही कडा एका रेषेत आणताना पाणसळ वरच्या कडेवर ठेवावी. आर्मचे माप सारखे असले तरी टेबल स्वतःच एका बाजूला कललेले असू शकते.

केबल शेवटी लावाव्यात, पण त्यांची लांबी आधीच मोजलेली असावी. आर्म पूर्ण पुढे ओढून, मॉनिटर एका बाजूला वळवून, मग केबलचा मार्ग दोरीने मोजावा. बहुधा दोन मीटरची एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट केबल पुरते, पेटीत आलेली दीड मीटरची अपुरी पडते. प्रत्येक सांध्यापाशी थोडी सैल कमान सोडावी. केबल ताणून बांधली, तर मॉनिटर फिरवताना पोर्टवरच ओढ बसते आणि पोर्ट तुटला की मदरबोर्डाचा खर्च उभा राहतो. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन्ही चौकोन टेबलावर आहेत त्याच क्रमाने आणि त्याच उंचीला सरकवावेत, नाहीतर माउसचा बाण एका मॉनिटरच्या कडेला अडकून बसतो.

पहिल्या आठवड्यानंतर आणि मग महिन्याने क्लॅम्पचा बोल्ट एकदा तपासावा, कारण सनमायका आणि फळी दाबाने थोडी बसते आणि नव्या बोल्टला पाव फेरी आवळावी लागते. नंतर मात्र तो पुन्हा पुन्हा सैल होऊ लागला, तर आवळत बसण्यापेक्षा क्लॅम्प सोडवून खालची फळी बोटाने चाचपावी. मूळ स्टँड, त्याचे स्क्रू आणि पेटी एकत्र बांधून माळ्यावर ठेवावी. वॉरंटीत मॉनिटर पाठवताना किंवा तो विकताना स्टँड मागितला जातो, आणि तोपर्यंत तो कुठे ठेवला हे घरात कोणालाच आठवत नाही.